आज निवडणूक झाली तर

फोन आला तेव्हा माझ्या एका हातात झारा होता आणि दुसऱ्या हाताने मी स्मोक अलार्मखाली टॉवेल हलवत होते. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या या घरात मिरचीची फोडणी बसली की आधी अलार्म ओरडतो आणि मग माणसांना ठसका लागतो, गेली 5 वर्षं हाच क्रम. जानेवारी 2025 ची संध्याकाळ, साडेपाचलाच मिट्ट काळोख, पंतप्रधान ट्रुडोंनी पक्षाला "नवा नेता निवडा, मी जातो" म्हणून सांगितल्याला चार-पाच दिवस झालेले. नंबर अनोळखी होता. एरवी मी उचलत नाही, कारण इथे अनोळखी नंबर म्हणजे एकतर डक्ट क्लिनिंगवाले नाहीतर टॅक्स खात्याचं नाव सांगून घाबरवणारे चोर, पण टॉवेलच्या गडबडीत अंगठा लागला आणि कॉल सुरू झाला. पलीकडे एक तरुण मुलगी, इंग्रजीला थोडं फ्रेंच वळण. सर्व्हे आहे, काही विकायचं नाहीये, पाच मिनिटं द्याल का. मी बरं म्हणलं. तर तिने विचारलं, आज निवडणूक झाली तर तुम्ही कोणत्या पक्षाला मत द्याल?

मी म्हणलं, कन्झर्व्हेटिव्ह.

समोर काउंटरवर बसून सीरियल खाणाऱ्या (हो, संध्याकाळी, तो कधीही खातो) माझ्या 21 वर्षांच्या मुलाने मान वर केली आणि मला अंगठा दाखवला. शाब्बास आई, असा. मुलीने दुसरी पसंती विचारली, मी ट्रुडोंचा लिबरल म्हणलं, मग वयोगट, मग पोस्टल कोडची पहिली तीन अक्षरं, थँक यू, संपलं. भेंडी एका बाजूने करपली होती. आणि मला कसंतरीच वाटत राहिलं, म्हणजे कोणी पाहुण्यांनी वाटी पुढे केली आणि आपण नको असताना "थोडं वाढा" म्हणून गेलो तसं. 2019 ला आणि 2021 ला मी लिबरलला मत दिलं होतं. या वेळी नक्की काय ते माझं मलाच माहीत नव्हतं. मग तोंडातून ते आलं कुठून? खरंच आतून आलं, की पोरगा समोर बसला होता म्हणून आलं?

नंतरच्या आठवड्यात सगळ्या बातम्यांमध्ये तेच. कन्झर्व्हेटिव्ह 20 टक्क्यांहून जास्त पुढे, लिबरलांचा निकाल लागल्यात जमा. इथल्या सर्व्हेच्या बातमीखाली एक ठरलेलं वाक्य असतं, हा अंदाज अमुक इतका इकडेतिकडे "20 पैकी 19 वेळा" बरोबर असतो. मी ते वाचून हसले. हजारेक लोकांना विचारतात म्हणे, म्हणजे 4 कोटींच्या देशात त्या दिवशी मी एकटी चाळीसेक हजार लोकांच्या वतीने बोलले होते, तेही एका हाताने टॉवेल हलवत. ती विसावी वेळ माझीच असणार.

आमच्याकडे मत सांगायची पद्धतच नव्हती. बाबा मिरजेजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, दर निवडणुकीला त्यांची ड्युटी लागायची. आदल्या दिवशी पिशवीत चादर, तांब्या आणि दशम्या घेऊन जायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पेट्या जमा करून परत यायचे, दाढी वाढलेली, डोळे लाल, बोटांना लाखेचा वास. ती सील करायची लाल लाख. मी लहानपणी तो वास म्हणजेच निवडणूक समजायचे. गल्लीतून रिक्षा फिरायची, ताई माई अक्का, विचार करा पक्का, आणि आई भाकरी थापता थापता बाबांना विचारायची, तुम्ही कशावर मारला हो शिक्का? बाबा म्हणायचे, गुप्त आहे. एकदा तर आई भडकली, म्हणाली तुम्ही लग्न माझ्याशी केलंय का निवडणूक आयोगाशी? बाबा हसले पण सांगितलं नाही. ते गेले 2014 मध्ये, आणि आजही आईला माहीत नाही त्या माणसाने आयुष्यभर कोणाला मत दिलं ते. आई म्हणते, मला अंदाज आहे. पण अंदाजच.

आणि मी मात्र एका अनोळखी पोरीला पहिल्याच झटक्यात सांगून मोकळी.

खोटं बोलले असंही नाही पण. जानेवारीत मी खरंच चिडलेली होते. 2020 ला घर घेतलं तेव्हा व्याज दोन टक्क्यांच्या आत, आणि आता पाच वर्षं भरली म्हणून मॉर्गेज रिन्यू करायचं तर ते दुपटीच्या वर, त्याचं पत्र फ्रिजवर मॅग्नेटने लावलेलं, रोज दूध काढताना दिसायचं. फॅमिली डॉक्टर रिटायर झाले ते झाले, दुसरा मिळेना. आणि पोरगा. त्याचं एकच पालुपद, आई मी या शहरात घर कधी घेणार सांग. मला उत्तर नव्हतं. आम्ही 2011 ला आलो तेव्हा दोन बॅगा आणि एक कुकर होता आणि नऊ वर्षांत घर झालं, त्याचा जन्म जाईल. कन्झर्व्हेटिव्हांचा नेता पॉलिएव, त्याचे व्हिडिओ पोरगा जेवताना बघायचा, तो माणूस चष्मा काढून टाकून टीशर्टात सरळ कॅमेऱ्यात बघून बोलतो, कार्बन टॅक्स कापा, घरं बांधा, बजेट सुधारा, गुन्हे थांबवा, चार चार शब्दांत सगळा देश. मला ते जरा रिक्षावरच्या घोषणांसारखं वाटायचं. पण खरं सांगायचं तर माझ्या पोराच्या प्रश्नाचं नाव तरी तो घेत होता. ट्रुडो 2015 ला आले तेव्हा मी सिटिझनही नव्हते, तरी टीव्हीसमोर बसून डोळ्यांत पाणी आलं होतं, किती छान बोलतो म्हणून. दहा वर्षांनी तोच आवाज लागला की मी चॅनल बदलायचे. आवाज तोच होता हो, तो विशेष बदलला नव्हता.

मग फेब्रुवारी आला आणि सगळं इकडचं तिकडे झालं. ट्रंपची 25 टक्के टॅरिफची ऑर्डर, मग महिनाभर स्थगिती, मग 4 मार्चला लागू, मग काही वस्तूंना सूट, आणि सोबत ते कॅनडा म्हणजे अमेरिकेचं 51 वं राज्य, गव्हर्नर ट्रुडो वगैरे. पहिल्यांदा आम्ही हसलो. मग आमचे हे एक दिवस प्लांटवरून आले आणि न बोलता जेवले. ते गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत क्वालिटीला आहेत. इथे बनणारा पार्ट सीमेपलीकडे जातो, तिथे त्यावर काहीतरी बसवतात, परत येतो, परत जातो, गाडी तयार होईपर्यंत त्या पार्टचं माहेर-सासर चालू असतं. प्रत्येक फेरीला कर बसला तर? ओव्हरटाइम बंद झाला होता. तेवढंच सांगितलं त्यांनी, आणि उठून कधी नव्हे ते स्वतःचं ताट स्वतः विसळलं. तेव्हा मला पोटात खड्डा पडला.

दुकानांत शेल्फवर लाल मेपलची पानं चिकटली, हे कॅनडाचं आहे म्हणून. बायका डबे उलटे करून बारीक अक्षरं वाचायला लागल्या, मीही. फ्लोरिडाची संत्री ठेवून मोरोक्कोची उचलली आणि उगाच काहीतरी शौर्य केल्यासारखं वाटलं. एलसीबीओने, म्हणजे इथल्या सरकारी दारूच्या दुकानांनी, अमेरिकन दारू शेल्फवरून काढून टाकली तर ह्यांची बर्बनही गेली, त्याचं दुःख त्यांनी देशासाठी सहन केलं असं ते अजून सांगतात. हॉकीच्या मॅचआधी अमेरिकेचं राष्ट्रगीत लागलं की लोक हुर्यो करायला लागले, या इतक्या सॉरी सॉरी म्हणणाऱ्या देशात! 20 फेब्रुवारीला बॉस्टनमध्ये कॅनडा-अमेरिका फायनल होती, ओव्हरटाइममध्ये आपल्या मॅकडेविडने गोल मारला आणि आमच्या गल्लीत, जिथे अर्धी घरं पंजाबी आणि उरलेली गुजराती, तामिळ, जमैकन, तिथे लोक उणे तापमानात दारं उघडून बाहेर येऊन ओरडले. मला ऑफसाइड म्हणजे काय ते अजून कळत नाही. मीही ओरडले. शेजारच्या बीबीजी शाल गुंडाळून पायरीवर उभ्या होत्या, त्यांनी मला विचारलं, जीत गये? मी म्हणलं, जीत गये. कोण ते दोघींनी मनातल्या मनात समजून घेतलं.

माझं मत तेव्हा बदललं का? तसं एक दिवस, एक वेळ सांगता येत नाही. इथे थंडीत दही लागत नाही म्हणून मी ओव्हनचा नुसता दिवा लावून त्यात भांडं ठेवते. रात्री बघावं तर दूधच असतं, पहाटे उठून बघितलं तरी हलतंय, आणि मग कधीतरी भांडं तिरपं केलं तर हलत नाही. मार्चमध्ये मी भांडं तिरपं केलं. 9 मार्चला कार्नी 86 टक्के मतं घेऊन लिबरलांचे नेते झाले, पाच दिवसांनी पंतप्रधान, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ग्राहकांवरचा कार्बन टॅक्स शून्य केला. म्हणजे ज्याच्यावर पॉलिएवची दोन वर्षांची सगळी मोर्चेबांधणी उभी, तो खांबच काढून घरी नेला. 1 एप्रिलला पंपावर लिटरमागे 17.6 सेंट उतरले, ह्यांनी दोन्ही गाड्या फुल करून आणल्या. मला त्या चलाखीचं हसूही आलं आणि रागही, अरे हेच करायचं होतं तर आधी का नाही, माणूस बदलला की लगेच तत्त्व बदलतं? पण कार्नी कंटाळवाणा आहे, आणि त्या महिन्यात मला कंटाळवाणा माणूस हवा होता. दोन देशांच्या मध्यवर्ती बँकांचा गव्हर्नर राहिलेला, सावकाश बोलणारा, फ्रेंचमध्ये अडखळणारा. घाबरलेल्या घरात आपण एलआयसीवाल्या काकांना बोलावतो, शाहिराला बोलावत नाही. जानेवारीत मला राग आला होता, आता भीती वाटत होती. यातलं "मत" कुठलं म्हणायचं? एप्रिलपर्यंत सर्व्हेमध्ये लिबरल पुढे होते, आणि पेपरवाले त्याला लाट वगैरे म्हणत होते, आणि मला माझं ते दह्याचं भांडं दिसत होतं.

घरात मात्र मी काही बोलले नाही. पोराच्या लेखी मी अजून अंगठावालीच.

गुढीपाडवा 30 मार्चला रविवारी होता, निवडणूक जाहीर होऊन बरोब्बर एक आठवडा. मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये, बाहेर हाडं गोठवणारा बर्फाळ पाऊस, आत नऊवाऱ्या आणि त्याखाली स्नो बूट. जेवणाच्या टेबलावर राजकारण निघणारच. कोणीतरी लिबरल खासदार चंद्र आर्यांचा विषय काढला, तुमकूरकडचा माणूस, 2022 ला कॅनडाच्या संसदेत कन्नडमधून बोलला होता, तर या वेळी त्याला नेतेपदाच्या शर्यतीतही घेतलं नाही आणि त्याचं नेपियनचं तिकीटही कापलं आणि तिथून स्वतः कार्नी उभे. एक काका म्हणाले, तिकीट जाऊ द्या हो, कानडी बोललं गेलं, मराठी कधी बोललं जाणार ते सांगा. हशा. मग विषय इमिग्रेशनवर आला आणि हशा थांबला. इतकी पोरं आणून ठेवली या लोकांनी, घरं कुठून पुरणार, बेसमेंटमध्ये दहा दहा, पार्किंग लॉटमध्ये नोकरीसाठी रांगा, आता बंदच करायला पाहिजे दार. हे बोलणारे सगळे 2000 ते 2012 च्या मधले, पॉइंट सिस्टिमने आलेले, मीही त्यातलीच. पॉलिएव आला की आळा घालेल, एकजण म्हणाले. दुसरे म्हणाले, अहो लिबरलांनीच आळा घातलाय आता, यंदाचं पीआरचं, म्हणजे कायमचं राहायला घ्यायच्या लोकांचं, टार्गेट 5 लाखांवरून 3 लाख 95 हजारांवर आणलं. म्हणजे दोन्ही पक्ष त्याच दारापाशी उभे, फक्त कडी कोण लावणार एवढाच वाद. आणि हे सगळं चालू असताना आम्हाला पुऱ्या वाढत होती ती आमच्याच बेसमेंटमध्ये राहणारी नाशिकची मुलगी, दोन वर्षांचं कॉलेज करून वर्क परमिटवर असलेली, परमिट ऑगस्टला संपणार होतं. मंडळात व्हॉलंटियर केलं की ओळखी होतील म्हणून मीच तिला आणलं होतं.

ती म्हणाली, काका अजून एक घ्या ना, गरम आहे.

काकांनी घेतली. मी श्रीखंडात बघत बसले. म्हणायला हवं होतं, अहो ही बघा, ही आहे ती "पोरं". नाही म्हणलं. कारण माझ्या मनातही एक बारीक, अगदी बारीक आवाज होता जो त्या काकांचाच होता, की माझ्या पोराला घर मिळत नाही ते कशामुळे. आणि तिच्या भाड्यावर आमच्या मॉर्गेजचा हप्ता भागतो हेही मला माहीत. या सगळ्याला सर्व्हेमध्ये कोणता नंबर दाबायचा? गाडीत घरी येताना ती मागे बसली होती, म्हणाली काकू कार्यक्रम छान झाला. तिला मत नाही. आमच्या घरात सगळ्यात जास्त ज्याचं भवितव्य या निवडणुकीवर अवलंबून होतं त्या माणसालाच मत नव्हतं.

एप्रिलभर दारावर पोरं यायची, लाल बिल्ला, निळा बिल्ला, एकदा नारिंगी. तुमचा पाठिंबा आहे ना? मी तिघांनाही हो हो नक्की म्हणलं, इतक्या थंडीत आलेल्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं, निळ्याला तर चहा पण विचारला. नारिंगीवाली बिचारी बीबीजींची नात होती. बीबीजींचं मत जगमीत सिंगच्या पक्षाला, एनडीपीला, फुकट दाताच्या दवाखान्याचं कार्ड त्याच्या हट्टामुळे मिळालं म्हणून, पण तिथेही मुलगा म्हणत होता बीजी या वेळी मत वाया घालवू नका. एक आकडी टक्क्यांवर आला होता तो पक्ष. बीबीजी म्हणाल्या, दांत तो लग गये, अब किस मुंह से ना कर दूं? असं म्हणून स्वतःच हसल्या, नव्या दातांनी.

आईचा रोज सकाळी फोन. पंच्याऐंशीची आहे पण निवडणूक कुठलीही असो, तिला रस. तिने पहिला प्रश्न विचारला, चिन्हं काय आहेत गं? मी म्हणलं चिन्हं नसतात. नुसतं नाव आणि त्याखाली पक्ष. आणि कार्नी, पॉलिएव यांची नावं तर नसतातच, आपल्या भागातला जो उमेदवार असेल त्याचं नाव. आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, धनुष्यबाण नाही, घड्याळ नाही, मग पक्ष फुटल्यावर भांडतात कशावरून? मी सांगितलं इथे उलटं झालंय, दोन पक्ष 2003 ला एकत्र येऊन हा कन्झर्व्हेटिव्ह झालाय. जोडले? आईने परत विचारलं, फुटले नाहीत, जोडले? तिला ते पटलंच नाही. मग म्हणाली, आणि तू कोणाला देणार? मी म्हणलं गुप्त आहे. पलीकडून आई इतकी हसली की तिला खोकला आला. अगदी बापावर गेलीस, म्हणाली.

16 एप्रिलची फ्रेंच डिबेट तर मॉन्ट्रियलच्या हॉकी मॅचसाठी दोन तास अलीकडे घेतली. होणाऱ्या पंतप्रधानांनी मॅचला वाट करून द्यावी, हे बघून मला या देशाबद्दल फार बरं वाटलं, का ते विचारू नका. दुसऱ्या दिवशीची इंग्लिश आम्ही तिघांनी सोफ्यावर बसून बघितली. पोरगा पॉलिएव बोलला की मान डोलवायचा, हे फोनवर गाड्यांच्या टॅरिफच्या बातम्या बघत होते, आणि मी शेंगा सोलत होते. मध्येच पोरगा म्हणाला, आई आपण दोघं उद्याच जाऊ, ॲडव्हान्स पोलला. बाबा 28 ला जातील, त्यांची शिफ्ट आहे. आपण दोघं. त्या "आपण दोघं"मध्ये तो जानेवारीचा अंगठा होता हे मला कळलं.

गुड फ्रायडे, 18 एप्रिल. शाळेच्या जिममध्ये बूथ, रांग दाराबाहेर पार्किंगपर्यंत. सव्वा तास उभे होतो. त्या चार दिवसांत देशभरात सुमारे 73 लाख लोकांनी मतं टाकली, आतापर्यंतचा विक्रम, आणि मला वाटतं त्यातले निम्मे आमच्याच पुढे होते. आत जिमचा तो वास, रबरी चेंडू, घाम आणि फिनेल. टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा, दोरी बांधलेली नाही की शाई नाही, एक आखूड पेन्सिल. पेन्सिल! बाबांनी लाख वितळवून सील केलेल्या पेट्या आठवल्या आणि इथे माझं मत खोडरबराने पुसता येईल असं. माझ्या शेजारच्या आडोशामागे पोराचे बूट दिसत होते, आयुष्यातलं पहिलं मत देत होता, आणि सात वर्षांचा असताना विमानतळावर माझ्या पदराला धरून उभा होता तसेच पाय आत वळवून उभा होता. मी बराच वेळ पेन्सिल धरून राहिले. मग गोलात फुली मारली, घडी घातली, पेटीपाशी बसलेल्या आजीबाईंनी कडेची चिठ्ठी फाडून कागद परत माझ्या हातात दिला, मी आत सोडला. गाडीत बसल्यावर पोराने सीटबेल्ट लावला आणि म्हणाला, सो? मी म्हणलं, गुप्त आहे. तो माझ्याकडे दोन सेकंद बघत राहिला. काही बोलला नाही. सिग्नलला त्याने रेडिओ लावला.

ईस्टरच्या रविवारी दुपारी परत फोन आला, या वेळी त्याच्या मोबाइलवर. मी पुन्हा फोडणीच करत होते, अलार्मखाली टॉवेल हलवायचं काम त्याच्याकडे. त्याने नंबर बघितला, स्पीकर लागला आणि मशीनचा आवाज घरभर झाला, आज निवडणूक झाली तर, लिबरलसाठी 1 दाबा, कन्झर्व्हेटिव्हसाठी 2, एनडीपीसाठी 3. मला वाटलं तो कट करेल. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला, माझ्याकडे बघितलं, आणि फोन छातीशी तिरका धरून अंगठ्याने काहीतरी दाबलं. एकच बीप आला. मी झारा तसाच धरून उभी. बीपवरून काय कळणार.

"मोहरी जळतेय," तो म्हणाला.